भांड्यांवरची अक्षरे : भोसरीच्या ताम्रपटापासून चाकणच्या खोलीतल्या कुकरपर्यंत

१/ पिंपरी-चिंचवडला कारखान्यांपूर्वीचा इतिहासच नाही, असे आपण सहज बोलून जातो. इ.स. ७५८ चा एक ताम्रपट मात्र वेगळे सांगतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील या ताम्रपटात बोपखेल गाव दान दिल्याची नोंद आहे. गावाच्या चतुःसीमा सांगताना त्यात कळस, दापोडी आणि भोसरी यांची जुनी नावे येतात. म्हणजे भोसरीचे नाव साडेबाराशे वर्षांहून जुने आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचले, कारण कोणीतरी ते धातूवर कोरले होते.

२/ आज त्याच भोसरीत, आकुर्डीत, चाकणमध्ये कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांतून धातूवर कोरलेली असंख्य नावे मांडणीवर उभी आहेत. कुणाचे नाव ताटावर, कुणाचे तांब्यावर, कुणाचे डब्याच्या झाकणावर. त्यांना कोणी ताम्रपट म्हणत नाही. या औद्योगिक पट्ट्यात दोन मित्रांनी मिळून थाटलेले स्वयंपाकघर कसे शक्य झाले आणि त्यातली भांडी इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावीत, हा आजच्या थ्रेडचा विषय.

३/ आरंभ तांब्या-पितळेपासून करू. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही पेशवाईपासून नावाजलेली वस्ती. त्वष्टा कासार समाजाचे कारागीर येथे तांब्याच्या पत्र्यातून घंगाळ, कळशी, बंब, हंडे घडवत. भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांची जी चमकदार नक्षी दिसते तिला ‘मठारकाम’ म्हणतात. ही केवळ शोभा नव्हे. तांबे मऊ असते, ते ठोकत गेले की कठीण होत जाते. ठोक्यांच्या प्रत्येक वर्तुळाने भांडे अधिक टणक केलेले असते.

४/ तांब्या-पितळेचा एक मोठा दोष होता. ताक, चिंच, कोकम असे आंबट पदार्थ त्यात ठेवले की ते धातूशी झगडत, चव बिघडे आणि खाणाऱ्याला बाधा होई. मराठीने या बिघाडासाठी स्वतंत्र क्रियापद घडवले : कळकणे. ‘आमटी कळकली’ हे वाक्य आजीच्या पिढीला सांगावे लागत नसे. त्यावर उपाय कल्हईचा. कथिल केवळ २३२ अंश सेल्सियसला वितळते. भांडे भात्याच्या आचेवर तापवायचे, नवसागर टाकायचा, कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो चंदेरी थर आतून पसरवायचा.

५/ ही कल्हई घासून झिजे, म्हणून पुन्हापुन्हा करावी लागे. भांडी जड असत, महाग असत आणि चिंच-राखेने रोज घासावी लागत. त्यांच्याखाली पेटलेली चूल हवी, चुलीला सरपण हवे आणि हे सारे सांभाळायला घरात दिवसभर कोणीतरी हवे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे अर्थातच घरातील बाई. म्हणजे तांब्या-पितळेच्या स्वयंपाकघराला संसार लागत असे. गाव सोडून शहरात एकट्याने आलेल्या तरुणाला ते उभे करणे जवळजवळ अशक्य होते.

६/ मग असा तरुण जेवायचा कुठे? मुंबईच्या गिरणगावाने याचे उत्तर दिले : खाणावळ. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार दाटीवाटीच्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपत आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. या खाणावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गिरणगावातील एकट्या पुरुषाच्या पोटामागे असे एका बाईचे स्वयंपाकघर उभे होते.

७/ पिंपरी-चिंचवडची घडण यापेक्षा उशिराची. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मराठी भाषेत ‘एमआयडीसी’ हा शब्द गावाच्या नावासारखा रुळला. त्याच दशकात टेल्को आणि बजाज यांचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका.

८/ पुढे हा पट्टा नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकला. संग्रामदुर्ग, फिरंगोजी नरसाळा आणि कांद्याचा बाजार यांसाठी ओळखले जाणारे चाकण एकविसाव्या शतकात मोटारींचे गाव झाले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांतून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे १७ लाख २७ हजारांवर गेली.

९/ या लोकांच्या जेवणाची एक सोय कायद्याने केली होती. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह सुरू करण्याचा आदेश सरकार देऊ शकत असे. त्यामुळे मोठ्या कारखान्यातील कामगाराचे पाळीतले एक जेवण कॅन्टीनमध्ये होई. उरलेले जेवण, सुट्टीचा दिवस आणि लहान वर्कशॉपमधल्या कामगाराची तर सगळीच जेवणे त्याच्या स्वतःच्या माथी उरत. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सामिष जेवणाचा बेत करावा, तर नेमका पार्टनरचा दत्ताचा किंवा स्वामींचा उपवास निघतो!

१०/ ‘पार्टनर’ हा शब्दही या पट्ट्याच्या इतिहासातला. व्यवसायातला भागीदार नव्हे, तर खोलीतला. भाडे निम्मे, वीज निम्मी आणि हळूहळू स्वयंपाकही निम्मा. गिरणगावातील कामगार बाईच्या खाणावळीत जेवत होता. भोसरी-आकुर्डीतही खाणावळी आणि मेस होत्याच. परंतु येथे अनेक तरुणांनी दुसरा मार्ग धरला : दोघांनी मिळून स्वतः रांधण्याचा. हे धैर्य त्यांना कोठून आले? त्याचे उत्तर बरेचसे तीन वस्तूंत आहे : छोटी शेगडी, पोलादी भांडे आणि कुकर.

११/ प्रथम आग. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबावर चालणारा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. तोच आपल्याकडचा ‘प्रायमस’. पंप मारायचा, पिन घालायची, भडका उडाला तर मागे सरायचे. १९७० च्या दशकात इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने ‘नूतन’ हा कमी रॉकेलवर चालणारा वातीचा स्टोव्ह विकसित केला. वातीचा स्टोव्ह आवाज करत नाही. रात्रपाळी करून झोपलेल्या मित्राशेजारी चहा टाकणाऱ्याला या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

१२/ मात्र आग कागदावर अवलंबून होती. स्वस्त रॉकेल शिधापत्रिकेवर मिळे आणि शिधापत्रिका गावी असे. स्वयंपाकाचा गॅस १९६५ पासून ‘इण्डेन’च्या रूपाने घरोघर पोहोचू लागला, पण जोडणीसाठी पत्त्याचा पुरावा लागे. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्याने तो आणायचा कोठून? २०१३ मध्ये तेल कंपन्यांनी केवळ ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा सिलिंडर बाजारात आणला, तेव्हा कुठे या पट्ट्यातील भाडेकरूला स्वतःच्या नावाने आग विकत घेता आली.

१३/ आता भांडे. तांब्याला पहिला स्वस्त पर्याय आला तो ॲल्युमिनियमचा. १८८६ मध्ये हॉल आणि हेरू या दोघांनी स्वतंत्रपणे हा धातू विजेच्या साहाय्याने काढण्याची पद्धत शोधली आणि त्याची किंमत कोसळली. १८९८ मध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी बनवण्यास आरंभ केला. हलके, स्वस्त, कल्हईची गरज नाही. परंतु आंबटाशी याचेही जमत नसे. भांडे काळवंडे, पोचे पडत आणि समाजात त्याला गरिबाचे भांडे असे हिणवले जाई.

१४/ पोलादाने ही कोंडी फोडली. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बनतो, तो ओरखडला तरी पुन्हा आपोआप तयार होतो. कल्हईवाल्याचे काम आता धातू स्वतःच करू लागला! स्वातंत्र्योत्तर दशकांत ‘स्टीलची भांडी’ मराठी घरांत शिरली. कल्हईवाल्याची आरोळी विरत गेली, आणि ‘कळकणे’ हे क्रियापदही बोलण्यातून हळूहळू नाहीसे होत चालले.

१५/ येथे या औद्योगिक पट्ट्याचा एक खास संबंध येतो. स्टीलचे पातेले ठोकून घडवत नाहीत. सपाट पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवून प्रेसच्या दाबाने ती खोल ओढतात. स्कूटरच्या पेट्रोलच्या टाकीचे अर्धे कवच किंवा मोटारीचे पत्र्याचे भाग याच तत्त्वाने बनतात. त्यामुळे दिवसभर प्रेसवर उभा राहिलेला कामगार संध्याकाळी भांड्यांच्या दुकानात जातो, तेव्हा त्याची नजर वेगळी असते. काठ नीट वळवला आहे का, बूड सपाट बसते का, कान रिवेटने जोडला आहे की वेल्डिंगने, हे तो बोट फिरवून सांगतो. गिऱ्हाइकाचा हा आनंद जाणकाराचा असतो.

१६/ तिसरी वस्तू कुकर. त्याचा पूर्वज १६७९ चा. फ्रेंच संशोधक देनी पापँ याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचे पात्र मांडले. आतली वाफ बाहेर जाऊ दिली नाही की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी अधिक तापमानाला उकळते आणि हाडेही मऊ शिजतात. पात्र फुटू नये म्हणून पापँने त्याला वजनाने दाबलेली एक झडप बसवली. आपल्या कुकरच्या शिट्टीची ही पणजी. आजच्या कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते.

१७/ गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. वाफेच्या याच अभ्यासातून पापँने १६९० मध्ये नळकांड्यात दट्ट्या सरकवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. वाफेच्या इंजिनाच्या वाटेवरचा तो महत्त्वाचा टप्पा. दट्ट्या आणि नळकांडे पुढे मोटारीच्या इंजिनात आले. म्हणजे आकुर्डीत वा चाकणला जे इंजिन जुळवले जाते आणि जुळवणाऱ्याच्या खोलीत जो कुकर शिट्टी देतो, ते दूरचे भाऊबंद आहेत. दोघांचे मूळ एकाच माणसाच्या टेबलावर जाऊन पोहोचते.

१८/ भारतीय कुकरसाठी १९५९ हे वर्ष महत्त्वाचे. हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही नावांची वाटचाल त्या सुमारास सुरू झाली. कुकरने मराठीला काळाचे नवे एकक दिले : शिट्टी. ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर’ हे सांगायला घड्याळ लागत नाही. एका आचेवर, एकावर एक डबे ठेवून, खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे. ज्यांच्याकडे एकच स्टोव्ह आहे त्यांच्यासाठी ही तीन मजली चाळच. पहिल्या पाळीचा मित्र कुकर लावून निघे आणि दुसऱ्याला झाकण उघडताच वाफाळलेला नसला तरी आयता भात मिळे.

१९/ बाकी सारी भांडी जुगाडाने उभी राहत. पोळपाट नसेल तर ताट उपडे घालायचे, लाटण्याऐवजी काचेची बाटली. खलबत्ता नसेल तर तांब्याच्या बुडाने लसूण ठेचायची. सांडशी हरवली तर ओल्या फडक्याने पातेले उतरवायचे. कुकरची शिट्टी काढून ठेवली की तेच पातेले. झाकण उलटे केले की ताटली. भाजी करपू नये म्हणून झाकणावर पाणी ठेवायचे, आणि आटत आले की तेच गरम पाणी भाजीत ओतायचे. तोच तांब्या सकाळी गरम पाण्याने भरला की सदऱ्याची इस्त्री!

२०/ याला कोणी कमतरतेचे स्वयंपाकघर म्हणेल, पण मराठी स्वयंपाकाची परंपराच ही आहे. मोदकपात्र नसेल तेव्हा पातेल्याच्या तोंडाला फडके बांधून त्यावर मोदक उकडत. इडलीचा साचा नसेल तर वाट्यांत पीठ घालून वाफवत. ओव्हन नसलेल्या घरांनी कुकरमध्ये किंवा जाड पातेल्यात वाळू तापवून केक भाजले. भाकरीला तर लाटणेच लागत नाही, परातीत थापायला हात पुरेसा. एका भांड्याचे काम दुसऱ्याकडून करून घेणे हे आपल्याकडे कौशल्यच मानले गेले.

२१/ मोजमापाचेही तसेच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, मराठीतील आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी. त्यानंतर जवळजवळ शतकाने, १९७० मध्ये, सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घराघरांत गेले. त्याचे एक वैशिष्ट्य म्हणजे वाटी आणि चमचा यांची मापे. तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात घरातलेच भांडे प्रमाण ठरले. खोलीवरच्या दोघांना कृती फोनवरून आईने सांगितलेली असो वा पुस्तकातली, ‘एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी’ एवढे सूत्र पुरते. वाटी कोणती, हा वादाचा विषय उरतोच.

२२/ भांड्याला भांडे लागणारच, ही म्हण येथे शब्दशः खरी. कोणी रांधायचे, कोणी घासायचे, करपलेले पातेले कोणाच्या नावावर, यावरून अबोला होई. पण पगाराच्या दिवशी दोघे मिळून भांड्यांच्या दुकानात जात. स्टील वजनावर विकतात. दुकानदार कढई काट्यावर ठेवतो, आकडा सांगतो, दोघे एकमेकांकडे पाहतात, मग थोडी हलकी उचलतात. संसाराआधी घेतलेले हे पहिले भांडे. त्यात रात्री पिठले शिजे, गावाहून आलेला ठेचा, चाकणचा बुक्कीने फोडलेला कांदा, आणि जेवण पूर्ण.

२३/ या एका पातेल्याचे सामाजिक मोल लक्षात घ्यायला हवे. आपल्या जातिव्यवस्थेत भांडे हीच सीमारेषा होती. मातीचे भांडे विटाळले म्हणून फोडत, धातूचे घासून वा विस्तवातून काढून शुद्ध करत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा प्रश्न पाण्याइतकाच स्पर्शाचाही होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. सर्वांत साधे अन्न, सर्व जातींनी, एका पंगतीत.

२४/ बीड, सोलापूर, खानदेश, कोकण, बिहार अशा भिन्न मुलखांतून आणि भिन्न जातींतून आलेले दोघे एकाच कढईतून वाढून घेतात, तेव्हा ते त्या सहभोजनाचे काम गाजावाजा न करता रोज करत असतात. चित्र सगळीकडेच एवढे स्वच्छ नाही. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक आहेत. पार्टनरही अनेकदा आपल्याच गावचा, आपल्याच जातीचा शोधला जातो. काही खोल्यांत ‘सामिषाचे भांडे वेगळे’ असते आणि त्या वेगळेपणात कधी रुची असते, तर कधी जुना विटाळ. भांडी मोजली तर हेही वाचता येते.

२५/ आता अक्षरांकडे वळू. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत जुनी. पूर्वी छिन्नीने ठिपके ठोकून अक्षर उठवत, पुढे विजेवरचे यंत्र आले. खोलीवरच्या मांडणीतली अक्षरे पाहा. आईच्या लग्नातील आहेर. आजोबांच्या स्मरणार्थ वाटलेला तांब्या. संक्रांतीच्या वाणाची वाटी. कारखान्याने दिवाळीला दिलेला डबा. दोन आद्याक्षरे कोरलेला, निम्म्या-निम्म्या पैशांनी घेतलेला कुकर. गाव, नाते, कारखाना आणि मैत्री हे चार स्तर एकाच फळीवर मांडलेले असतात. एखाद्या उत्खननात असे स्तर सापडले, तर आपण त्यांची रेखाटने काढू.

२६/ साधन मिळाले की त्याची चिकित्सा करायची. कोरलेली तारीख ही भेट दिल्याची, भांडे घडल्याची नव्हे. नाव बहुधा देणाऱ्याचे, वापरणाऱ्याचे नव्हे. आणि देणारा बहुतेकदा पुरुष. आयुष्यभर ज्या बाईने त्या परातीत पीठ मळले तिचे नाव परातीवर नसते, असलेच तर ‘सौ.’ लावून नवऱ्याच्या नावामागे. ताम्रपटातही दान देणारा राजा आणि घेणारा ब्राह्मण नावानिशी येतात, शेत कसणारे येत नाहीत. धातू टिकतो, पण कोणाला टिकवायचे हे कोरणारा ठरवतो.

२७/ याच कारणाने पार्टनरच्या खोलीला इतिहासात वेगळे स्थान आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पुरुषांना ताट वाढलेले मिळे, त्यांनी येथे स्वतः रांधले, घासले, पुसले. लग्न होऊन बिऱ्हाड आले की अनेकांचा तो हात पुन्हा चुलीपासून दूर गेला, हेही खरे. आता चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलीही मैत्रिणींसोबत अशाच खोल्या घेऊन राहतात. २०२० च्या टाळेबंदीत खाणावळी आणि कॅन्टीन बंद झाली, तेव्हा खोलीत स्वतःचा स्टोव्ह आणि कुकर असणे म्हणजे काय, ते या पट्ट्याने अनुभवले.

२८/ ही कागदपत्रे रोज नष्ट होत आहेत. जुने भांडे मोडीत जाते. दुकानदार वजन करतो, नवे देतो, जुने वितळते. काही बोहारणीकडून कपड्यांच्या बदल्यात आलेले असते, ते परत भंगारात जाते. दोघांपैकी एकाचे लग्न ठरते, खोली सुटते, आद्याक्षरांचा कुकर कोणाकडे जायचा हे ठरते आणि दुसरा हसत ‘तूच ने’ म्हणतो. या माणसांनी पत्रे जपली नाहीत, रोजनिशी लिहिली नाही. शिधापत्रिकेवर त्यांचा येथला पत्ता नव्हता. त्यांच्या येथे राहण्याचा लेखी पुरावा बऱ्याचदा ताटाच्या काठावरच आहे.

२९/ म्हणून इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाला एक काम. या आठवड्यात घरातली, खोलीवरची भांडी उपडी करून पाहा. धातू कोणता, घडण ठोक्याची की प्रेसची, नाव कोणाचे, तारीख कोणती, गाव कोणते, ते टिपून घ्या. छायाचित्र तिरप्या उजेडात काढा, अक्षरे स्पष्ट उमटतात. आणि ज्यांनी त्यात रांधले, त्यांना विचारा : पहिल्या दिवशी यात काय शिजवले होते, आणि सोबत कोण जेवले होते? हे शेवटचे उत्तर भांड्यावर कोरलेले नसते. ते आत्ताच लिहून ठेवावे लागेल.

#थ्रेड #इतिहास #पिंपरीचिंचवड #चाकण